पाटी हलण्याआधी

बंगळूरच्या दक्षिण भागात, कनकपुरा रस्त्याला लागून, बनशंकरीचं देऊळ आहे. राहुकाळात एरवी कुणी शुभकामाला हात घालत नाही. इथे मात्र गर्दी होते ती नेमकी राहुकाळातच. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी बायका लिंबू अर्धं कापतात, रस पिळून टाकतात, साल उलटी करून तिची पणती करतात आणि तेलवात घालून देवीपुढे लावतात. देऊळ १९१५ सालचं. देवी मात्र मूळची इथली नव्हे, बदामीची. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची ती कुलस्वामिनी. कुणी शाकंभरी म्हणतं, कुणी बनशंकरी. पौषात तिचं नवरात्र बसतं आणि पौर्णिमेला बदामीजवळ चोळचगुड्डला मोठी जत्रा भरते.

नोकरीच्या निमित्ताने बंगळुरात स्थायिक झालेली अशी मराठी घरं एरवी या देवळात जाऊन येतात, नवस बोलतात, ओटी भरतात. पण घरात लग्न झालं की नव्या जोडप्याला न्यायचं ते बदामीलाच. रोजचा व्यवहार इथे, मूळ पीठ तिथे. कंपन्यांचा पत्ता समजून घ्यायला याहून सोपा दाखला मला सापडलेला नाही. कंपनीचंही एक ‘नोंदणीकृत कार्यालय’ असतं आणि एक ‘कॉर्पोरेट ऑफिस’. पहिलं कायद्यासाठी. नोटिसा तिथे येतात, कोणत्या राज्याच्या निबंधकाकडे दप्तर राहणार हे त्यावरून ठरतं. दुसऱ्यात साहेब बसतात. ही दोन्ही एकाच इमारतीत असतील असं नाही, एकाच राज्यात असतील असंही नाही. ब्रिटानिया बिस्किटांची कंपनी घ्या. नोंदणी कोलकात्याची, १९१८ पासूनची. कारभार बंगळूरहून चालतो.

तेव्हा ‘अमुक कंपनीने मुख्यालय हलवलं’ अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: काय हलवलं? कागद की माणसं?

बनशंकरी स्थानकावरून मेट्रो पकडली तर पुढचंच स्थानक राष्ट्रीय विद्यालय रस्ता, म्हणजे आर. व्ही. रोड. तिथे उतरून पिवळ्या मार्गिकेत बसायचं. ही मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. ती सिल्क बोर्डाच्या कुप्रसिद्ध चौकावरून, होसूर रस्त्याच्या डोक्यावरून इलेक्ट्रॉनिक सिटीत जाते. तिथल्या एका स्थानकाचं नाव आहे इन्फोसिस फाउंडेशन कोनप्पन अग्रहार. पुढे एक स्थानक सोडून बायोकॉन हेब्बगोडी. कंपन्यांनी स्थानकांसाठी पैसे दिले, म्हणून नावं लागली. यातली पहिली कंपनी मूळची पुण्याची.

२ जुलै १९८१ रोजी ‘इन्फोसिस कन्सल्टंट्स प्रायव्हेट लिमिटेड’ पुण्यात नोंदली गेली. एन. आर. नारायण मूर्ती, नंदन नीलेकणी, एन. एस. राघवन, क्रिस गोपालकृष्णन, एस. डी. शिबुलाल, के. दिनेश आणि अशोक अरोरा असे सात जण. सगळे पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स सोडून आलेले. भांडवलासाठी सुधा मूर्तींनी साठवणीतले दहा हजार रुपये दिले, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कची डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. काम अमेरिकेत जाऊन, तिथल्या यंत्रावर करायचं. इन्फोसिसकडे स्वतःचा संगणकच नव्हता. तो आयात करायला दिल्लीचे परवाने लागत. त्यासाठी किती खेपा घातल्या आणि टेलिफोनसाठी किती वाट पाहिली, हे मूर्तींनी नंतर भाषणांतून अनेकदा सांगितलं आहे.

१९८३ मध्ये कंपनी बंगळूरला गेली. कारण एका वाक्यात मावण्याइतकं साधं आहे. देशातलं मोठं गिऱ्हाईक बंगळुरात मिळालं, ‘मायको’, म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. जर्मन बॉश कंपनीशी जोडलेला, आडुगोडीचा स्पार्क प्लगचा आणि डिझेल इंजिनांच्या सुट्या भागांचा कारखाना. त्यांचं काम करायचं तर त्यांच्या शेजारी बसायला हवं. त्याच सुमाराला कंपनीने आपला पहिला संगणक आणला, डेटा जनरलचा एमव्ही/८०००. हे यंत्र अमेरिकेत कसं जन्माला आलं यावर ट्रेसी किडर या लेखकाने एक सबंध पुस्तक लिहिलं आणि त्याला १९८२ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. तेव्हा हे यंत्र बंगळुरात पोचलं ते थोडंफार प्रसिद्ध होऊनच.

पुण्यात आजही कट्ट्यावर विषय निघतो: ‘इन्फोसिस आपल्या हातातून गेली.’ ही हळहळ मला पटत नाही. १९८३ मध्ये जाण्यासारखं होतं काय? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं आणि काही टेबलं. कुठल्याही वर्तमानपत्राने ती बातमी छापली नसती आणि न छापणारा संपादक चुकलाही नसता. कंपनी मोठी झाल्यावर राज्यं तिच्या दाराशी सवलतींचं ताट घेऊन उभी राहतात. पण मुख्यालयाचा निर्णय बहुतेक वेळा कंपनी लहान असताना, कुणाचं लक्ष नसताना होऊन गेलेला असतो. त्या वेळी प्रश्न एवढाच असतो की पुढचं गिऱ्हाईक कुठे आहे, आणि उद्या सकाळी चार चांगले इंजिनिअर हवे असतील तर ते कुठे भेटतील.

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बंगळुरात आधीच तयार होतं आणि ते तयार व्हायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली होती. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतली विज्ञान संस्था १९०९ मध्ये इथे उभी राहिली, कारण म्हैसूर संस्थानाने साडेतीनशे एकरांहून अधिक जमीन देऊ केली. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना विमानांचा कारखाना काढायचा होता. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जागा आणि भांडवल दोन्ही दिलं आणि हिंदुस्थान एअरक्राफ्ट बंगळुरात आलं. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने एकापाठोपाठ एक कारखाने इथे आणले. १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, मग हिंदुस्थान मशीन टूल्स, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. १९७२ पासून अवकाश खात्याचा कारभारही इथूनच. १९७० च्या दशकाच्या शेवटी आर. के. बाळिगा यांनी होसूर रस्त्यालगतच्या शेतजमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटीचं स्वप्न पाहिलं. त्या काळी पुष्कळांना तो वेडेपणा वाटला असणार. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली आणि उपग्रहामार्फत परदेशाशी थेट जोडलेलं काम इथे सुरू झालं. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर असलेल्या शहराची हवा हे कारण लोक हसत हसत सांगतात. संगणकाच्या खोलीला वातानुकूलन लागायचं त्या दिवसांत ते तितकं हसण्यासारखं नव्हतं.

पण पुण्यातही तर कारखाने होते, इंजिनिअरिंग कॉलेज होतं, लष्करी संशोधन होतं. मग? एका कंपनीचं गिऱ्हाईक बंगळुरात निघालं आणि तिचा म्होरक्या मूळचा त्याच राज्यातला होता. इतिहास कधीकधी एवढ्यावर वळतो. पुण्यातच राहिलेल्यांचंही वाईट झालं नाही. १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी सुरू केलेली पर्सिस्टंट सिस्टिम्स आजही पुण्याचीच आहे. आणि इन्फोसिस हिंजवडीला परत आलीच की, हजारो माणसं घेऊन. आली ती कामाची इमारत घेऊन. निर्णयाचं टेबल होसूर रस्त्यावरच राहिलं.

बंगळूरची दुसरी मोठी कंपनी, विप्रो, तर मूळची खानदेशची. अमळनेर. सूरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव, साने गुरुजी जिथे शिक्षक होते ते. १९४५ च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी तिथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ काढली. भोवताली भुईमूग पिकणारी काळी जमीन, माल न्यायला रेल्वे. तेल-तुपाच्या धंद्याला आणखी काय लागतं? वनस्पती तूप, कपडे धुण्याचा साबण, पेंड असा माल. कारखाना अमळनेरात, पेढी मुंबईत. १९६६ मध्ये प्रेमजी वारले आणि एकवीस वर्षांचा मुलगा, अझीम, अमेरिकेतलं शिक्षण सोडून परतला.

पुढच्या वळणाचं श्रेय दिल्लीतल्या एका भांडणाला जातं. १९७० च्या दशकाच्या शेवटी परकीय भागभांडवलाच्या अटींवरून आयबीएम भारत सोडून गेली आणि संगणकांच्या बाजारात मोकळी जागा झाली. तुपाच्या कंपनीने त्या जागेत उडी मारायची ठरवली. संगणक घडवणारी माणसं कुठे होती? बंगळुरात. विप्रोचा संशोधन गट तिथे जमला. पत्ता मुंबईचा, पण कंपनीचं उद्या कशात आहे ते बंगळुरात शिजत होतं. काही वर्षांनी पत्ताही मागोमाग गेला. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंद झाली तेव्हा विप्रोच्या कागदांवर बंगळूरचा सर्जापूर रस्ता होता.

अमळनेरला काय उरलं? कारखाना उरला. आणि शेअर्स उरले. सुरुवातीच्या काळात गावातल्या लोकांनी ओळखीपोटी, आपल्या गावची कंपनी म्हणून जे शेअर घेतले, ते ज्यांनी विकले नाहीत त्यांच्याकडे बोनस शेअर्सनी एकाचे किती झाले याच्या गोष्टी अमळनेरात अजून रंगवून सांगतात. कंपनी दूर गेल्यावर गावाच्या हाती काय राहावं याचा इतका गमतीदार हिशेब दुसऱ्या कुठल्या गावाने केलेला नसेल.

आता सवलतींकडे येऊ, कारण लोकांना वाटतं की कंपन्या सवलतींसाठीच हलतात. कधीकधी ते खरंही असतं आणि मराठी उद्योगाच्या आरंभीच त्याचं देखणं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा धंदा बेळगावात. आधी सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. शेतकरी तो नांगर घ्यायला कचरत, लोखंडाने जमीन नासते म्हणत. कारखान्याचा जम बसत होता तोच नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितलं. शहराची वाढ करायची होती. लक्ष्मणराव कारखाना उचलून जाणार कुठे? औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, त्याच सूर्यनमस्कारवाल्या महाराजांनी, कुंडलजवळचं निवडुंगाने भरलेलं माळरान दिलं आणि वर बिनव्याजी दहा हजार रुपयांचं कर्जही. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. म्हणजे ब्रिटिश मुलखातून संस्थानी मुलखात, एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत मुख्यालय हललं. एका शहराने ढकललं, एका राजाने ओढलं. आजच्या कुठल्याही राज्याच्या औद्योगिक धोरणाच्या जाडजूड पुस्तकात यापेक्षा वेगळं काही नसतं. गंमत म्हणजे त्याच घराण्याने पुढे म्हैसूर संस्थानातही पाय रोवले. हरिहरला यंत्रांचा कारखाना काढला आणि १९४६ मध्ये बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक.

पण नीट पाहा, तो कारखाना होता. भट्टी, लोखंड, कामगार, जमीन. कारखान्याला जमीन, पाणी, वीज आणि करसवलत लागते. मुख्यालयाला यातलं फारसं काही लागत नाही. ते चार मजल्यांत मावतं. भारतात तर मुख्यालय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन कर वाचवावा म्हटलं तरी वाचत नाही. कंपनीच्या नफ्यावरचा आयकर केंद्र सरकारचा. तो मुंबईहून भरा की बंगळूरहून, दर तोच. त्यातला राज्यांचा वाटा वित्त आयोग वाटतो तो लोकसंख्या, क्षेत्रफळ, उत्पन्नातली तफावत असल्या कसोट्यांवर. कंपनीच्या पाटीवर काय लिहिलंय हे तो विचारत नाही. जीएसटी मुख्यतः माल वा सेवा जिथे वापरली जाते त्या राज्याकडे जातो. राहता राहिला व्यवसाय कर. राज्यघटनेने त्याची मर्यादा माणशी वर्षाला अडीच हजार रुपयांवर बांधून टाकली आहे. तेव्हा ‘अमुक कंपनी गेली, राज्याचा हजारो कोटींचा महसूल बुडाला’ असं कुणी व्यासपीठावरून सांगू लागलं, तर हात वर करून हिशेब विचारावा.

हा वाद कोर्टांतही झाला आहे. जुन्या कंपनी कायद्याखाली नोंदणीकृत कार्यालय परराज्यात न्यायचं तर मंजुरी घ्यावी लागे, आणि सोडून जाणारं राज्य तिथे येऊन हरकत घेई. १९५७ मध्ये ओरिएंट पेपर मिल्सच्या प्रकरणात ओरिसा उच्च न्यायालयाने राज्याची महसूल बुडण्याची तक्रार ग्राह्य धरली. १९७० च्या दशकात मिनर्व्हा मिल्सच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने उलट भूमिका घेतली. या कंपनीची गिरणी बंगळुरात आणि कार्यालय मुंबईत. ते महाराष्ट्राबाहेर न्यायला सरकारने विरोध केला, आणि न्यायालय म्हणालं, देश एक आहे, एका राज्याचा महसूल घटेल एवढ्यावरून कंपनीला अडवता येणार नाही. ही तीच मिनर्व्हा मिल्स, जिच्या नावाने १९८० चा राज्यघटनेच्या मूळ गाभ्याचा गाजलेला निकाल ओळखला जातो. आजच्या २०१३ च्या कायद्यात प्रक्रिया सुटसुटीत आहे. भागधारकांचा विशेष ठराव करायचा, धनकोंना कळवायचं, इंग्रजी आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची आणि केंद्राच्या प्रादेशिक संचालकाकडे अर्ज करायचा. साठ दिवसांत निकाल अपेक्षित. मग नव्या राज्याचा निबंधक नवं प्रमाणपत्र देतो. बस्स. किचकट भाग कायद्याचा नाहीच. किचकट भाग असतो तो वरिष्ठ व्यवस्थापकाच्या मुलीची दहावी.

अमेरिकेत गणित निराळं आहे. तिथे बहुतेक राज्यं कंपनीच्या नफ्यावर स्वतःचा करही लावतात, म्हणून राज्याराज्यांत उघड लिलाव चालतो. २०१७ मध्ये ॲमेझॉनने जाहीर केलं की आम्हाला दुसरं मुख्यालय काढायचं आहे, कोण काय देतं बोला. २३८ अर्ज आले. मोठा तमाशा झाला. २०१८ मध्ये निवड झाली ती न्यूयॉर्कची आणि राजधानी वॉशिंग्टनला खेटून असलेल्या आर्लिंग्टनची. म्हणजे जिथे पैसा होता तिथे आणि जिथे सत्ता होती तिथे. एवढ्यासाठी २३८ गावांना आशेला लावायची गरज नव्हती. न्यूयॉर्कमध्ये विरोध झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने तिथून अंग काढून घेतलं.

बोईंगची गोष्ट याहून बोलकी. विमानं बनवणारी ही कंपनी सिएटलची, तिथे ती जन्मली, वाढली. १९९७ मध्ये तिने मॅकडोनेल डग्लस ही प्रतिस्पर्धी कंपनी पोटात घेतली आणि वरच्या साहेबांना वाटू लागलं की मुख्यालय कुठल्याच कारखान्याच्या अंगणात नको, म्हणजे सगळ्या विभागांकडे समान अंतरावरून पाहता येईल. डॅलस, डेन्व्हर आणि शिकागो अशी तीन शहरं झुलत ठेवली आणि २००१ मध्ये शिकागो निवडलं. राज्याने आणि शहराने वीस वर्षांत मिळून सहा कोटी डॉलरच्या आसपास सवलती दिल्या. हललं किती? सुमारे पाचशे माणसं. विमानं सिएटललाच बनत राहिली. पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये ७३७ मॅक्स जातीची दोन विमानं कोसळून ३४६ माणसं गेली. तेव्हा अनेक टीकाकारांनी या स्थलांतराकडे बोट दाखवलं: निर्णय घेणारे आणि रिव्हेट ठोकणारे यांच्यात इतकं अंतर पडलं की खालची काळजी वर पोचेना. सगळं खापर पत्त्यावर फोडणं मला जास्तच वाटतं. पण कारखान्याच्या उपाहारगृहात जेवणारा साहेब आणि तीन हजार किलोमीटरवर नकाशा बघणारा साहेब यांच्यात फरक पडतो, हे नाकारता येत नाही. २०२२ मध्ये बोईंग पुन्हा हलली, या वेळी आर्लिंग्टनला, संरक्षण खात्याच्या दाराशी. गिऱ्हाईकाच्या शेजारी. आडुगोडीची गोष्ट पुन्हा एकदा, फक्त कितीतरी पटींनी मोठी.

मग राज्य गमावतं काय? माझ्या मते ती यादी अर्थसंकल्पात सापडत नाही. मुख्यालयाबरोबर वकील जातात, चार्टर्ड अकाउंटंट जातात, जाहिरातवाले जातात, शेअरच्या दलालांच्या बैठका जातात. मोठ्या पगाराची घरं, त्यांच्या स्वयंपाकिणी, त्यांच्या मुलांच्या शाळा जातात. कंपनीतून बाहेर पडून स्वतःचं काही काढणारी माणसं जातात आणि हा तोटा सगळ्यांत मोठा, कारण तो वीस वर्षांनी दिसतो. आणि दानधर्म जातो. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजासाठी खर्च करायला लावलं आणि तो करताना आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही म्हटलं. कोनप्पन अग्रहारच्या मेट्रो स्थानकाला पैसे मिळाले ते असेच. पुण्याच्या मेट्रोला मिळाले असते का, हा प्रश्न निरर्थक आहे. तरी मनात येतो.

गेल्या काही वर्षांत वारा उलटा वाहतो की काय, अशी धास्ती बंगळुरात ऐकू येते. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांसाठी राखीव जागांचं विधेयक मंजूर केलं. व्यवस्थापकीय पदांत निम्म्या आणि इतर पदांत सत्तर टक्के. ओरड झाली आणि ते बाजूला ठेवावं लागलं. त्याच दिवसांत आंध्रचे मंत्री नारा लोकेश यांनी कंपन्यांना उघड आवतण धाडलं, विशाखापट्टणमला या. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्लॅकबक या कंपनीच्या प्रमुखांनी बाहेरच्या रिंगरोडच्या खड्ड्यांना आणि कोंडीला कंटाळून बेळ्ळंदूरची जागा सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हाही लोकेश हजर. पण कंपनी निघाली होती ती बंगळूर सोडून नव्हे, बंगळुरातल्या बंगळुरात दुसरीकडे. यातच सगळं आलं. रस्त्यांना शिव्या घालणारा माणूसही चांगले इंजिनिअर मिळतात तोवर शहर सोडत नाही. एकदा गर्दी जमली की गर्दीच गर्दीला धरून ठेवते. मुंबईतला कापडबाजार मुळजी जेठा मार्केटातून का हलत नाही, त्याचं कारण आणि हे कारण एकच.

काही कंपन्या तर पत्ता परदेशात ठेवून बंगळुरात बसलेल्या असतात. फोनपे ही पैसे पाठवणारी कंपनी सिंगापूरच्या छत्राखाली होती. २०२२ मध्ये तिने कायदेशीर घर भारतात आणलं तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना जवळजवळ आठ हजार कोटी रुपये कर भरावा लागला. एकाही कर्मचाऱ्याला खुर्ची हलवावी लागली नाही. कागद हलवण्याची किंमत माणसं हलवण्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकते, त्याचा हा अलीकडचा दाखला.

बंगळूरने मुख्यालय गमावल्याची एक जुनी नोंदही आहे आणि ती मराठीच आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडाच्या वंशजाकडून हे गाव घेतलं आणि शहाजीराजांना जहागिरीत दिलं. राजांनी इथे आपलं ठाणं केलं. पुढे ते मुलाकडे, व्यंकोजीकडे आलं. १६७० च्या दशकात व्यंकोजी तंजावरला गेले ते तिथलेच झाले. का? कावेरीचं खोरं, वर्षातून दोन-दोन पिकं, भरलेली कोठारं. बंगळूर त्या मानाने कोरडं, दूर आणि राखायला महाग. थोडक्यात, जास्त उत्पन्न असलेल्या बाजारात मुख्यालय गेलं आणि जुनं कार्यालय ओझं झालं. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना विकलं. किंमत तीन लाख रुपये. तंजावरला नव्या मुख्यालयाबरोबर काय काय गेलं ते सरस्वती महाल ग्रंथालयात आजही पाहता येतं: पोथ्या, नाटकं, मोडी दप्तरं. मराठी दरबाराची भाषा कावेरीकाठी दीडशेहून अधिक वर्षं नांदली. बंगळुरात त्या मुक्कामाच्या खुणा शोधाव्या लागतात.

प्रत्येक भारतीय कंपनीला एकवीस अक्षर-अंकांचा एक ओळख क्रमांक असतो. पत्रावर, वार्षिक अहवालावर, संकेतस्थळाच्या तळाशी तो बारीक अक्षरात छापलेला असतो. त्यात पहिल्या अक्षरानंतर उद्योगाचा आकडा, मग राज्याची दोन इंग्रजी अक्षरं, मग स्थापनेचं वर्ष. कंपनी परराज्यात गेली की राज्याची अक्षरं बदलतात, वर्ष तसंच राहतं. इन्फोसिसच्या क्रमांकात ‘केए’ म्हणजे कर्नाटक आणि १९८१ शेजारीशेजारी आहेत. १९८१ मध्ये कंपनी पुण्याला होती. ब्रिटानियाच्या क्रमांकात पश्चिम बंगाल आणि १९१८. विप्रोच्या क्रमांकात ‘केए’ आणि १९४५. त्या वर्षी नकाशावर कर्नाटक नव्हतं, महाराष्ट्रही नव्हता, आणि कंपनी पूर्व खानदेशातल्या अमळनेरला वनस्पती तूप काढायच्या तयारीत होती. पुढच्या वेळी एखाद्या कंपनीचं पत्र घरी आलं तर तळाची ती बारीक ओळ वाचून पाहा.